बाया अशा बोलत नाहीत

सर, परवा आमच्या शेजारची मुलगी माझ्याकडं आली होती. सोलापूरला कॉलेजात शिकते. तिच्या कॉलेजची एकांकिका देशभरातल्या कॉलेजांच्या महोत्सवाला निघाली आहे, आणि कुणीतरी तिला सांगितलं की गल्लीतल्या या रिटायर बाईंनीही एकेकाळी अशाच महोत्सवात काम केलं होतं, बक्षीस आणलं होतं. ती समोर पाटावर बसली आणि एकामागून एक विचारत सुटली. स्टेज केवढं होतं, थंडी होती का, भीती वाटली का. मी सांगत गेले. मग ती म्हणाली, "नाटक कुणाचं होतं, आज्जी?" मी म्हणाले, "सांगते नंतर, आधी चहा पी." ती चहा पिऊन गेली. आज दुपारी मी हे लिहायला बसले आहे. तिला काय सांगायचं ते आधी तुमच्याशी बोलून ठरवावं असं वाटलं. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी.

धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. मुलींच्या वसतिगृहात एका मुलीला दिवसाला एक बादली पाणी मिळायचं आणि त्यातच सगळं भागवायचं. जेवणात रेशनची मिलो ज्वारी असायची, तिच्या भाकरीचा रंग विटेसारखा. मी जळकोटहून आलेली, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. वडील सोलापूरच्या गिरणीत बदली कामगार होते, माय गावाजवळच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर 'आई घरीच असते' म्हणायची. बोलणंही मी बदललं होतं. 'न्हाय' तोंडात यायचा आणि मी तो गिळून 'नाही' म्हणायची. आणि तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. पुण्याकडचे, पस्तिशी-छत्तिशीचे, पांढरा बुशशर्ट, खडूनं भरलेली बोटं. तुमचं बोलणं ऐकून मला वाटायचं, पुस्तक बोलायला लागलं तर असंच बोलेल.

त्या वर्षी तुम्ही स्वतः एकांकिका लिहिली. दुष्काळी कामावरच्या तीन बायांची. त्यातली एक नऊ महिन्यांची गरोदर. मुकादमाला कळलं तर तो कामावरून काढेल म्हणून ती लपवते, आणि तिच्यानं हातोडा उचलवत नाही म्हणून दुसऱ्या दोघी स्वतःची खडी गुपचूप तिच्या ढिगात टाकत राहतात. गोष्ट फार चांगली होती, सर. हे मी तेव्हा बोलले नाही. दुपारी, तास संपल्यावर, रिकाम्या वर्गात आम्ही सात जण बाकांवर बसलो आहोत आणि तुम्ही वाचता आहात. तुमचा आवाज मध्येच भरून येतो. दगड फोडणारी बाई दुसरीला म्हणते, "सखे, ही तृषार्त धरित्री निदान आपल्या अश्रूंनी तरी भिजेल का?" आणि मला हसू येतं. मी ओढणी तोंडावर धरते, पण ते तुम्हाला दिसतं.

"काय झालं?"

"काही नाही, सर."

"हसलीस ना? सांग."

मग तुम्ही वही खाली ठेवलीत आणि नुसते बघत राहिलात, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "बाया अशा बोलत न्हाईत, सर."

"मग कशा बोलतात?"

मला चांगलं ठाऊक होतं त्या कशा बोलतात. पण ते सांगायचं म्हणजे मला ते कुठून ठाऊक आहे हेही सांगावं लागलं असतं. तुमचे कान लाल झाले होते. 'उद्या बघू' म्हणून तुम्ही वही मिटलीत आणि निघून गेलात. माझा या नाटकाशी संबंध संपला, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला प्राध्यापकांच्या खोलीत बोलावलंत. तीच वही माझ्यापुढं सरकवलीत, खिशातलं स्वतःचं पेन काढून त्यावर ठेवलंत. "खोड," म्हणालात. "जे जे खोटं वाटतंय ते खोड, आणि खरं काय ते शेजारी लिही. मला या गावात येऊन आठ वर्षं झाली. मला हे बोलणं ऐकू येतं, कळतं, पण लिहायला बसलो की हातातून माझंच बोलणं निघतं." कॉलेजचा एक प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या पोरीला हे सांगत होता. आज इतकी वर्षं शाळेत शिकवून मला कळतं की त्याला काय लागतं. माझ्याच्यानं ते एकदाही झालं नाही.

मी चार पानं लिहून आणली. तुम्ही वाचलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "हे तू मला आवडावं म्हणून लिहिलंयस. तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात?"

"पानी."

"मग इथं पाणी कशाला लिहिलंस? लाज वाटते? लाज वाटत असेल तर निबंध लिही, त्यात चांगले गुण देईन मी तुला. नाटक नको लिहूस." आवाज चढला नव्हता. पण ती पानं घेऊन मी वसतिगृहात आले आणि रडले. रडून झाल्यावर मनात आलं, या माणसाला सांगायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी तुम्हाला गाठून सांगितलं की माझी माय अशाच कामावर आहे. तुम्ही एवढंच विचारलंत, "रविवारी एसटी किती वाजता आहे?"

मायनं तुम्हाला पाहिलं आणि ती हातोडा टाकून उभी राहिली. तिला वाटलं, कुणी साहेब तपासणीला आला. पदर सावरून तिनं स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, "सकाळधरनं हाय साहेब म्या, हजेरी लागली का न्हाय बगा." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुम्ही म्हणालात, "मी साहेब नाही, तुमच्या मुलीचा मास्तर आहे. तुम्ही कशा बोलता ते ऐकायला आलोय." माय हसायला लागली. "आमचं बोलणं? ते काय ऐकायचं मास्तर, येड्यावानी." पण तुम्ही खरंच बसलात, त्या उन्हात, खडीच्या ढिगावर, वही गुडघ्यावर घेऊन. थोड्या वेळानं म्हणालात, मीही फोडून बघतो. तिसऱ्याच घावाला हातोडा अंगठ्यावर बसला. मायनं धडुत्याची चिंधी फाडून तुमचा अंगठा बांधला आणि म्हणाली, "मनगट सैल सोडा मास्तर. हातोडा आपला आपण पडतो, त्याला मारायचं नसतं."

तेवढ्यात पलीकडच्या एका बाईनं कुरकुर केली. तिच्याशेजारी एक आजारलेली पोर बसली होती, ताप होता तिला, आणि बाया आपापल्यातली खडी तिच्या ढिगात लोटत होत्या. ती बाई म्हणाली, आमच्या हातचे दगड तिच्या ढिगात का म्हणून. माय मान वर न करता म्हणाली, "दगडावर कुणाचं नाव असतंय व्हय? टाका तिच्या ढिगात." झालं. बाई गप्प बसली आणि तिनंही पाटीभर खडी लोटली. तुमचं लक्ष अंगठ्याकडं होतं. मी ऐकलं.

दुपारी घरी मायनं तुम्हाला जेवायला वाढलं. बुद्धाच्या तसबिरीखाली घोंगडी टाकली होती, त्यावर तुम्ही मांडी घालून बसलात. ताटात मिलोची भाकरी आणि वाटून केलेली लाल चटणी. माय म्हणाली, "ही मिलोची हाय, गोड लागायची न्हाय." तुम्ही एक घास खाल्लात, चावलात, गिळलात आणि म्हणालात, "खरंय. नाही लागत गोड." तरी सगळी संपवलीत. तुम्ही गेल्यावर माय मला म्हणाली, "मास्तर चांगला हाय तुझा. तोंडदेखलं बोलला न्हाय." तुमच्याविषयीचं तिचं मत त्या एका वाक्यानं कायमचं ठरलं.

त्यानंतर दोनेक आठवडे मी तुमच्या घरी, काकूंच्या स्वयंपाकघरात लिहीत होते. वसतिगृहात गोंगाट, म्हणून तुम्हीच म्हणालात, घरी ये. काकूंनी ओट्याशेजारी पाट दिला आणि धान्याचा रिकामा डबा उपडा घालून त्याचं मेज करून दिलं. त्या भाजी निवडायच्या आणि मी मोठ्यानं वाक्य बोलून बघायची. काकूही पुण्याकडच्याच, त्यांना निम्मं कळायचं नाही, पण कुठल्या वाक्याला हात थांबायचा ते मी बघून ठेवायची. संध्याकाळी तुम्ही यायचात, उभ्याउभ्याच पानं वाचायचात. गोष्ट तुमची होती, तिघी बाया तुमच्या, शेवटी मुकादम ढीग मोजायला येतो आणि कुणीच काही बोलत नाही, तो प्रसंगही तुमचाच. पण बोलणं सगळं बदलत गेलं. एक दिवस तुम्ही काकूंना हसत हसत म्हणालात, "यात आता माझी फक्त सात वाक्यं उरली आहेत. मोजली मी." काकू म्हणाल्या, "मग तीही काढून टाका." तुम्ही आणखी मोठ्यानं हसलात. तुम्हाला इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

विद्यापीठाच्या स्पर्धेत आपण पहिले आलो. तिथल्या छापील पत्रिकेवर 'लेखक व दिग्दर्शक' यापुढं तुमचं नाव होतं. मी ते वाचलं, आणि मी वाचताना तुम्ही मला पाहिलंत. "प्रवेशाचा फॉर्म आधीच गेला होता गं," म्हणालात, "तू लिहायला लागण्याआधी. पुढं बदलून घेऊ." मी म्हणाले, असू द्या सर. खरंच मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आपण देशाच्या महोत्सवाला जाणार, या आनंदात मला जमीन दिसत नव्हती. आणि पुढं बदलायचं ते तुमच्याकडून राहून गेलं, की तुम्ही राहू दिलंत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही.

सोलापूरच्या स्टेशनपर्यंत आपण खरेदी-विक्री संघाच्या ट्रकमधून गेलो. संघाच्या चेअरमनना कुणीतरी सांगितलं होतं की आपल्या भागाची पोरं देश बघायला निघालीत, म्हणून त्यांनी ट्रक दिला. आम्ही सात जण बारदानावर बसलो होतो आणि मध्ये दोन पोती होती खडीची. जळकोटची खरी खडी. लाकडाचे खोटे दगड करू या, असं सगळे म्हणत होते, पण तुम्ही ऐकलं नाही; आवाज खोटा येईल म्हणालात. गाडीत टी.सी.नं पोत्याला पाय लावून विचारलं, "इसमें क्या है?" तुम्ही म्हणालात, "पत्थर." तो म्हणाला, "क्यों, उधर पत्थर नहीं मिलते?" तुम्ही अगदी गंभीरपणे सांगितलंत, "मिलते होंगे. लेकिन ये सीखे हुए हैं." पुढं दोन दिवस आम्ही त्या एका वाक्यावर हसत होतो. गरोदर बाईचं काम करणारी मुलगी तर दगडांची हजेरी घेऊन विचारायची, पाठ झालं का रे.

उत्तरेतली थंडी अशी असते हे आम्हाला माहीत नव्हतं. स्वेटर एकाच मुलीकडं होता, तो आम्ही पाळीनं घालायचो. केरळची, बंगालची, मणिपूरची मुलं. कुणी तलवारी घेऊन नाचत होते, कुणाचे मुखवटे माणसाएवढे. त्यांचे पडदे, दिवे, कपडे बघून आम्ही आमची पोती भिंतीकडं सरकवली. आपल्याकडं दोन पोती, तीन जुनी लुगडी आणि तीन हातोडे. बरं, नाटक मराठीत, तेही आमच्या मराठीत. पुण्या-मुंबईच्या पोरांनाही अर्धं कळणार नाही, मग बाकीच्यांना काय. पडद्याआड मी हातोडा घट्ट आवळून उभी होते. तुम्ही जवळ आलात आणि फक्त म्हणालात, "मनगट सैल सोड."

पहिला दगड फुटतो. त्या मोठ्या हॉलमध्ये तो आवाज कुठच्या कुठं जातो आणि परत येतो. मग दुसरा. लोक खोकायचे थांबतात. मी मधल्या वयाच्या बाईचं काम करते आहे. बोलते आहे, आणि माझ्या तोंडून मायचा आवाज येतो, मी तो आणत नाही, तो येतो. मग ती जागा येते. तिसरी बाई कुरकुर करते, आणि मी मान वर न करता म्हणते, "दगडावर कुणाचं नाव असतंय व्हय? टाका तिच्या ढिगात." मी दोन्ही हातांनी खडी लोटते. तो घरंगळण्याचा आवाज. समोर पहिल्या रांगेत एक बंगाली मुलगी बसली होती, तिला आमचा एक शब्द कळत नव्हता, आणि ती रडत होती. नाटक संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. थोड्या वेळानं आल्या आणि मग थांबेनात. विंगेत तुम्ही चष्मा काढून उभे होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बक्षीस समारंभ होता. नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. आम्ही सगळेच स्टेजवर जाऊन आलो. मग उत्कृष्ट लेखनाचं बक्षीस पुकारलं. तुमचं नाव. तुम्ही माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडं बसला होतात. उठलात, क्षणभर माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं तुम्ही म्हणाल, चल. मी पायात चप्पल सरकवलीसुद्धा. पण तुम्ही एकटेच गेलात. कुणीतरी मोठे पाहुणे होते, त्यांनी तुम्हाला मिठी मारली, हातात मानचिन्ह दिलं, दोन शब्द बोला म्हणाले. तुम्ही माइकपाशी उभे राहिलात आणि हिंदीत म्हणालात की आमच्याकडं दुष्काळ आहे, आणि हे तिथल्या बायांचं बोलणं आहे. मग थांबलात. बराच वेळ थांबलात. आमच्या रांगेत कुणी हलत नव्हतं, आता सर पुढचं वाक्य बोलतील म्हणून. तुम्ही 'धन्यवाद' म्हणालात आणि खाली आलात.

आपली मुलं टाळ्या वाजवत होती, ती माझ्याकडं बघून एकेक थांबली. शेजारचा मुलगा पुटपुटला, "हे काय झालं?" मी म्हणाले, "गप बस." मला रडू आलं नाही. एवढंच मनात येत राहिलं की हाच माणूस भाकरी गोड लागत नाही म्हणाला होता.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून राहिले. एका स्टेशनवर तुम्ही सगळ्यांसाठी भाजलेल्या शेंगा आणल्यात, माझी पुडी माझ्यापुढं धरलीत, मी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे पत्ते खेळत होते तेव्हा तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. बाहेर सपाट, पिवळं रान चाललं होतं. "मी सांगणार होतो," तुम्ही म्हणालात. "वर जाईपर्यंत सांगणारच होतो." मग तुम्ही खाली बघत, इतक्या हळू की गाडीच्या आवाजात मला पुढं वाकावं लागलं, म्हणालात, "मला आजवर कुणी कशासाठी स्टेजवर बोलावलं नव्हतं गं. तिथं उभा राहिलो आणि ते सोडवेना." मी म्हणाले, "व्हय, सर." एवढंच. तुम्ही उठून तुमच्या जागेवर गेलात. मानचिन्ह तुमच्या पिशवीत होतं, टॉवेलात गुंडाळून. ते तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत.

यापुढचं मात्र तुम्हाला माहीत नाही.

मी गावी गेले ती थेट तलावाच्या कामावर. दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती, माय परत खडी फोडायला बसत होती. तिनं मला तसंच ढिगाशेजारी बसवून घेतलं. "बक्षीस मिळालं म्हणं? कशाचं?"

"बोलण्याचं, माय. नाटकातल्या."

"बोलण्याचं बी देत्यात व्हय? काय बोलला एवढं?"

मी तिला बोलून दाखवलं. तुमचं नाव पुकारलं गेलं तेही सांगायचं होतं, सगळी आग तिथंच ओकायची होती, पण आधी मी वाक्यं बोलत गेले. पहिलं, दुसरं. मग मी ते दगडावरच्या नावाचं वाक्य म्हटलं आणि माय माझ्याकडं बघायलाच लागली. तिनं हातोडा खाली ठेवला. "अगं, हे तर म्या म्हणलं व्हतं. तुझा मास्तर अंगठा धरून बसला व्हता बग, त्या दिशी." आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हातवारे करून तिनं सगळ्या बायांना बोलावलं, "अय, इकडं या गं समद्या. माझं बोलणं रेल्वेत बसून लांब लांब जाऊन आलं." बाया जमल्या. मला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. एकीनं ओळखलं, "हे माझं हाय." दुसरी म्हणाली, "आन् ते माझ्या सासूचं." खुर्च्यांवर बसून माणसांनी हे ऐकलं, गप्प बसून ऐकलं, याचंच त्यांना नवल. कुणाला त्याबद्दल काय मिळालं हे एकीनंही विचारलं नाही. हसणं ओसरल्यावर मायनं मला विचारलं ते एवढंच, "मास्तरचा अंगठा बरा झाला का?"

मी म्हणाले, झाला. आणि घरी येताना, तिची पाटी माझ्या डोक्यावर घेऊन चालताना, मला जाणवलं की स्टेजवर मी स्वतः गेले असते, माइक माझ्या हातात दिला असता, तरी मी मायचं नाव घेतलं नसतं. ते मला सुचलंच नसतं. त्या दोन आठवड्यांत, काकूंच्या ओट्यापाशी, हे माझं माझं म्हणून लिहिताना ते एकदाही मनात आलं नव्हतं.

तुम्ही तुमच्याकडून भरून काढलंत. मानचिन्ह प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवलंत आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाहीत. कॉलेजच्या वार्षिकात एकांकिका छापली तेव्हा लेखक म्हणून फक्त माझं नाव होतं, तुमचं कुठंही नाही, गोष्ट तुमची असूनही. मी तो अंक गावी नेला. मायनं नाव कुठंय विचारलं, मी दाखवलं, तिनं त्यावरून बोट फिरवलं. "आन् माझं?" ती सहज, चेष्टेनं म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. मी पानं उलटली आणि त्या दगडाच्या ओळीवर तिचं बोट नेऊन ठेवलं. "हे तुझं." तिनं त्या ओळीवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं.

मग मी शिक्षिका झाले, जिल्हा परिषदेच्या शाळांत तालुकाभर फिरले. पुन्हा लिहिलं ते फक्त शाळेच्या गॅदरिंगसाठी, पोरांपुरतं. माझ्या लग्नाला तुम्ही आणि काकू आलात, पंगतीत खाली बसून जेवलात. आणि दर दिवाळीला तुमचं अंतर्देशीय पत्र यायचं. आधी उस्मानाबादहून, रिटायर झाल्यावर पुण्याकडून. लिहितेस का, काय वाचतेस, पोरांकडून नाटक करून घेतेस का. एका वर्षी तर कोऱ्या कागदांचा गठ्ठाच पाठवलात. आणि प्रत्येक पत्रात कुठंतरी, कधी मध्येच, कधी सहीच्या वर, एखादं वाक्य असायचं: तुझं जे माझ्याकडून राहिलं ते मला अजून टोचतं. मी त्या वाक्याला कधी उत्तर दिलं नाही. चार ओळी लिहायची, पाऊस, शाळा, मुलं, काकूंना नमस्कार. शेवटच्या पत्रात अक्षर फार हललं होतं. काकू गेल्याचं लिहिलं होतं, आणि सरळच विचारलं होतं, अजून रागावलेली आहेस का? मी लिहिलं, यंदा ज्वारी चांगली आली आहे, तब्येतीला जपा. पुढच्या दिवाळीला आलं ते तुमच्या मुलाचं कार्ड, तुम्ही गेल्याचं.

त्या मुलीला मी उद्या सांगेन. गोष्ट माझ्या सरांची, बोलणं माझ्या मायचं आणि तिच्याबरोबरच्या बायांचं, आणि मी ते उतरवून घेतलं. एवढं तिला पुरेल. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण मग तुम्हाला हेही सांगावं लागलं असतं: राग त्या दिवशी तलावावरच गेला होता, सर, महोत्सवाहून आल्याच्या चौथ्या दिवशी. नाटकातल्या बाकीच्या सहा जणांना मी पुढं एकेकदा विचारून बघितलं होतं, सरांचं पत्र येतं का तुम्हाला. कुणालाच येत नव्हतं. राग गेला असं कळवलं, तर मलाही पत्र यायचं थांबेल, असं मला वाटत राहिलं.